बेटावरच्या ससाण्याला आलेली मागणी

हाडेकाकांनी जन्मभर इतकी हाडं जोडली होती, की कुणी हात मिळवला तरी ते आधी त्याची बोटं जागच्या जागी आहेत का ते चाचपत. संग्रहालयाच्या तळघरात त्यांनी आता बेटावरचा ससाणा उभा केला होता. हा पक्षी पृथ्वीवरून कधीच नाहीसा झालेला. हाती आली होती पायांची हाडं आणि अर्धी चोच. बाकी सगळं प्लास्टर, कोंबडीची पिसं आणि काकांचा आत्मविश्वास.

संग्रहालयाच्या मुख्य साहेबांनी चष्मा वर केला. "पाय केवढे हे. ससाणा आहे का शिडीवर चढलेली कोंबडी? जिवंत ससाण्याशी ताडून दाखवा. पटलं तर नव्या दालनात मधोमध. नाहीतर अडगळीत, तुमच्या त्या रानडुकराशेजारी."

रानडुकराचं नाव काढलं की काकांचा चेहरा पडायचा. त्याला त्यांनी दोन शेपट्या लावल्या होत्या.

काकांची मेहुणी जखमी पक्षी सांभाळायची. ती रानातला ससाणा मनगटावर घेऊन आली. "भाऊजी, जरा गोड बोलून मोजा. याला दोरी आवडत नाही."

काका गोड बोलले. ससाण्याने दोरीचे तुकडे केले, मग काकांच्या बाहीचे. तरी एवढं कळलं, की याचे पंख लांब नि पाय आखूड. बेटावरच्याचं नेमकं उलट.

"चारी बाजूंनी पाणी, साहेब. उडून जाणार कुठं? पळतच शिकार करत असणार," काका म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

"उचला," साहेब म्हणाले.

तेवढ्यात ससाणा झेपावला. साहेबांच्या डोक्यावरचा केसांचा टोप त्याने अलगद उचलला, प्लास्टरच्या पक्ष्यापुढे नेऊन ठेवला आणि मान लववून उभा राहिला.

"काय करतोय हा?" साहेबांनी दोन्ही हातांनी टक्कल झाकलं.

"मागणी घालतोय," मेहुणी म्हणाली. "यांच्यात बायको अंगानं मोठी. नवरा तिला शिकार आणून देतो. कोंबडी वाटली असती तर एव्हाना खाल्ली असती."

"पण पाटीवर मी नर लिहिलंय," काका पुटपुटले.

"पुसा, भाऊजी."

"माझा टोप द्या आधी."

"तो तिचा झाला, साहेब. ती अडगळीत गेली तर हाही जाईल मागोमाग, टोपासकट."

बाहेर नव्या दालनाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. साहेबांनी दाराकडे पाहिलं. "मधोमध लावा."

आज ती मधोमध उभी आहे. दालनाची वरची खिडकी मात्र कायम उघडी ठेवावी लागते, कारण जावईबापू रिकाम्या हाताने येत नाहीत. साहेब हल्ली टोपी घालतात, हनुवटीखाली नाडी बांधून.