जुनी अक्षरं

हनिनने थुराचा हात माउसवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

"आधी प्रत काढायची, मग हात लावायचा. एवढंही त्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल. मी पुढे ढकलला तो."

"वाटलंच मला."

मंडालेहून पहाटेच्या बसने आल्यापासून ती बसलीच नव्हती. आता बसली तीही खुर्चीच्या कडेवर. खिडकीपाशी दोघा भावंडांचे वडील, ऊ थाउंग, स्वच्छ लुंगी नेसून, केस विंचरून तयार होते. पायाशी पिशवी बांधलेली. सगाइंगच्या टेकडीवर मठाने चालवलेला वृद्धाश्रम होता, त्याची गाडी त्यांना न्यायला येणार होती. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा आणि उजवा हात गेला होता. डावा चालत होता, म्हणून थुराने खालच्या, वडिलांच्या छपाईच्या दुकानातला संगणक वरच्या खोलीत आणला आणि म्हणाला, लिहून सांगा. पण पडद्यावर जे उमटायचं ते कुणाला कळेना. थुराने त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. डॉक्टर म्हणाले, अक्षरओळख गेली असावी. समज किती उरली असेल सांगवत नाही. मग थुराने मठात फोन केला. तो काही वाईट मुलगा नव्हता. नोकरी, तान्हं मूल आणि आजारी बाप या तिन्हींत त्याची ओढाताण चालली होती.

"हे बघ," हनिन म्हणाली. "हे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. प्रत्येक ओळीत, त्याच जागी. भ्रमिष्ट माणूस इतक्या शिस्तीत चुकतो होय रे?"

"ताई, डॉक्टर शिकलेले आहेत."

"डॉक्टरांनी आयुष्यात बर्मी टायपिंग केलंय का? तू तरी केलंयस? फोनवर दोन ओळी आणि खाली हसरे चेहरे!"

गोष्ट साधी होती, म्हणूनच तिचा जीव जळत होता. बर्मीत एक खूण अक्षराच्या डावीकडे येते, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी. जुन्या फाँटमध्ये ती आधी टाइप करायची, अक्षर नंतर. नव्यात उलट; क्रम चुकला की अक्षराच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ऊ थाउंगनी अख्खं आयुष्य लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या सूचना जुळवल्या त्या जुन्या फाँटवर. त्यांच्या बोटांना दुसरं वळणच नव्हतं. ते इस्पितळात असताना गिऱ्हाइकांचे फोनवरचे, नव्या फाँटमधले मजकूर संगणकावर वाकडेतिकडे दिसतात म्हणून थुराने एक व्हिडिओ बघून जुन्या फाँटची ओळ रजिस्ट्रीतून उडवली होती. संगणकाच्या साऱ्या सवयी जिथे नोंदलेल्या असतात ती ही रजिस्ट्री. तिथे 'जतन करू का' असं कुणी विचारत नाही आणि केलेलं मागेही घेता येत नाही. लिहिलं की लागू.

तिने रजिस्ट्रीत फाँटची फांदी शोधली आणि त्या फांदीची प्रत वेगळी काढून ठेवली. मग नवी ओळ उघडली. डावीकडे नव्या फाँटचं नाव, उजवीकडे जुन्याचं, म्हणजे नवा मागितला तरी संगणकाने जुनाच दाखवायचा. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर संगणक निमूट ऐकून घेणार आणि करणार काहीच नाही. तिने नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"लवकर कर. वीज जाईल."

"तू बोललास की माझी अक्षरं चुकतात."

"आणि गाडीवाला आला तर?"

"त्याला चहा पाज!"

तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. थुरा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. पंखा मंदावल्यासारखा वाटला, दोघांनी एकदमच वर पाहिलं. पंखा नेहमीसारखाच फिरत होता. बाबा मात्र त्या दोघांकडे बघत होते. आपली परीक्षा चालली आहे हे त्यांना कळतंय की काय, या विचाराने हनिनला भीती वाटली. आपलंच चुकलं असेल तर? डॉक्टरच बरोबर असतील तर?

पडदा उजळला. तिने बाबांचा मजकूर उघडला.

वर्तुळं गेली होती. खुणा आपापल्या जागी बसल्या होत्या. डाव्या हाताच्या एकदोन चुका सोडल्या तर अक्षरं स्वच्छ होती.

थुरा वाकून मोठ्याने वाचू लागला. "घरीच राहीन." त्याने खालची ओळ वाचली. "घरीच राहीन." मग आणखी खालची. त्याचा आवाज उतरत गेला.

"रोज एकच का लिहिलंय त्यांनी?" हनिनने विचारलं.

थुराने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी रोज एकच विचारत होतो. बाबा, तिकडे जाल ना म्हणून." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "डॉक्टरांना हाच फोटो पाठवला मी. म्हटलं, तेच तेच लिहितात."

हनिन मजकूर खाली सरकवत गेली. शेवटची ओळ आज सकाळची होती. ती मात्र वेगळी होती.

"बरं. जातो."

ती वाचून दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली होती. सकाळी ते ही ओळ लिहीत असताना थुरा शेजारीच बसला होता. "हो हो, बाबा, छान" असं म्हणत त्याने त्यांची हनुवटी पुसली होती.

तेवढ्यात खाली भोंगा वाजला. एकदा, मग पुन्हा.

थुरा खिडकीशी गेला, बाबांच्या खुर्चीला लागून उभा राहिला आणि खाली ओरडला, "इथे नाही, दादा! पत्ता चुकला तुमचा!"

"अहो, असा कसा चुकेल?" खालून आवाज आला. "फोन तुम्हीच केला होता ना?"

थुराने खिडकीची चौकट घट्ट धरली.

"हो," तो म्हणाला. "मीच केला होता."