बातमीवाल्यांचं वाचन

गल्लीत त्यांना सगळे बातमीवाले म्हणत. उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचण्यात गेलेलं. म्हातारपणी कान पार गेले, जीभ मात्र शाबूत राहिली. उलटं झालं असतं तर बरं होतं, असं घरच्यांचं मत.

मुलगा व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होता. बोललेलं ऐकून चित्राखाली आपोआप ओळी लिहायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, पण परक्या भाषांसाठी. ती आपल्या भाषेत आणायचं काम त्याच्याकडे आलं. एक दिवस तो लॅपटॉप घेऊन वडिलांपुढे बसला. बातमीवाल्यांनी चष्मा चढवला, थोडं वाचलं आणि विचारलं, “हे कोणी झोपेत लिहिलंय का?”

त्यांच्याशी बोलायला घरात ठेवलेल्या पाटीवर मुलानं लिहिलं, ‘नव्वद टक्के बरोबर आहे.’

“म्हणजे दहातला एक शब्द खोटा! मी अशी बातमी वाचली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तुमच्याकडे यालाच टाळ्या पडतात वाटतं.”

“चुका कळतातच की बघणाऱ्याला,” मुलगा पुटपुटला. ओठांवरून म्हाताऱ्यानं बरोबर टिपलं.

“ज्याला ऐकू येतं त्याला कळतात. त्याला तुझ्या ओळी हव्यातच कशाला?”

मुलगा लॅपटॉप मिटून उठला.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बड्या साहेबांना कळलं, की याचे वडील बहिरे आहेत. साहेबांना हर्ष झाला. या सोयीच्या उद्घाटनाला मंचावर एक बहिरा म्हातारा! सुनेनं पाटीवर विनवणी लिहिली, ‘बाबा, नुसतं हसून बसा. यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.’

“शोभेची कुंडी व्हायचंय म्हणा की,” बातमीवाले म्हणाले. पण सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून ते गेले.

साहेबांना भाषा येत नव्हती, लिपी तर नाहीच. आपली भाषा, ज्येष्ठांची सोय, कानांना डोळे, अशी पाठ केलेली चार वाक्यं त्यांनी कॅमेऱ्यापुढे म्हटली. सॉफ्टवेअरनं क्षणात त्यांच्या ओळी केल्या. मोठ्या पडद्यावर त्या इतक्या बारीक उमटल्या की पहिल्या रांगेलाही वाचता येईनात. बातमीवाल्यांपुढे मात्र वेगळा मॉनिटर होता. साहेबांनी हातांनी खूण केली: वाचा, बाबा, वाचा!

बातमीवाले उठले. घसा साफ केला. आणि भरलेल्या सभागृहात तो जुना, खणखणीत, काना-मात्रेचा मान राखणारा आवाज घुमला:

“आपली माशी आम्हाला आईसारखी आहे. ही माशी आम्ही घराघरांत पोचवू. हे सगळं चेष्टांसाठी आहे. यांच्या मामांना आम्ही टोले दिले.”

हास्याचा गडगडाट झाला. साहेबांना वाटलं, लोक खूश झाले. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बातमीवाल्यांना मिठी मारली. कोपऱ्यात मुलाचा चेहरा पांढराफटक.

घरी आल्यावर त्यानं पाटीवर खडू मोडेस्तोवर दाबून लिहिलं, ‘चारचौघांत माझं नाक कापलंत.’

“तुझं नाक गेलं, माझे कान गेलेत. आधी कोणी रडायचं?” बातमीवाले म्हणाले. “मी पदरचा एक शब्द घातला नाही. होतं तेच वाचलं.”

सोय ठरल्या दिवशीच बाजारात आली. चुकांचं काय, म्हणून मुलानं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पेपरातल्या जाहिरातीत बातमीवाल्यांचा तोंड उघडलेला फोटो झळकला, खाली ‘आता आजोबाही आनंदी’. आनंदी कसले! त्यांनी ते पान केराच्या डब्याखाली अंथरलं.

एका रविवारी मुलगा न सांगता पुन्हा लॅपटॉप घेऊन आला. त्यानं त्यांच्याच देखत आवाज पूर्ण बंद केला आणि अनोळखी माणसांची एक मुलाखत लावली. दोघं शेजारी बसून नुसत्या ओळी वाचू लागले. मुलानं एकदा मागे नेऊन पाहिलं, मग पुन्हा एकदा. कोण रागावलंय, कशावर, काही कळेना. थोड्या वेळानं त्यानं कपाळाला हात लावला.

बातमीवाल्यांना त्याची मुळीच कीव आली नाही.

“कळलं?” त्यांनी विचारलं.

मुलानं नकारार्थी मान हलवली.

“मग पहिल्यापासून लाव,” ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.