कायदा दिनाची शाल

शाल नको म्हणून मी दहादा सांगितलेलं, पण आमची शुभदा वकील ऐकेल तर शपथ. पोरगी मनाने चांगली, अक्कल मात्र सगळी पुस्तकातली. ‘सगुणाताई, सव्वीस नोव्हेंबरला कायदा दिन. निडर साक्षीदाराचा सत्कार त्या दिवशी नाही करायचा तर कधी?’ म्हटलं, अगं बाय, माझी साक्ष दुसऱ्या दिवशी आहे, आधी ती होऊ दे. नाय ऐकलं.

माझा दीर दाजी खाडीत भराव टाकू देत नव्हता, म्हणून जगन बिल्डरने त्याला सळईने जिवे मारलेलं. दिवसाढवळ्या. मी मासळीची पाटी घेऊन तिथेच उभी होते. बघणारे आणखी तिघे होते, त्यांना आता काहीच आठवत नाय. जगन जामिनावर मोकळा फिरत होता.

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये गेले, तर पुढच्या रांगेत जगनचा भाऊ काळुराम. हॉलचा खर्च त्याचा, जेवण त्याचं. माइकवरून माझं नाव, नवऱ्याचं नाव, कोळीवाड्यातली गल्ली, सगळं वाचलं. मग शाल घालायला बोलावलं काळुरामला. शुभदाचा चेहरा पांढरा पडला, तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या खांद्यावर शाल नीट बसवत तो हळूच म्हणाला, ‘वहिनी, मालूला पण आणायचं ना. पोरीने आईचा मान बघायला हवा.’

संताप आला मला. मी माइक ओढला, पाहुणे म्हणून मंचावर बसलेल्या जज्जांकडे वळले. ‘जज्जसाहेब, जगनने माझ्या दिराला मारलं. मी बघितलंय. आत्ताच लिहून घ्या.’

साहेब भला माणूस. अवघडून म्हणाले, ‘बाई, हे इथे नाही घेता येत. आज कार्यक्रम आहे. उद्या कोर्टात सांगा.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तशीच मालूच्या शाळेकडे धावले. फाटकावरचा शिपाई रामा हसून म्हणाला, ‘ताई, चुकामूक झाली. सत्काराची गाडी मालूला घेऊन गेली. पत्रिकेवर तुमचं नाव दाखवलं, म्हणून सोडली.’

चौकीत पोलीस म्हणाले, घरी बसा, येईल. दिवेलागणीला मालू घरी आली. अंगावर नवा फ्रॉक, हातात आइस्क्रीम. ‘आई, ते काका मस्त आहेत. शीळफाट्यापर्यंत फिरवलं. उद्या तू कोर्टात गेलीस की परत येणारेत.’ तिला उरापाशी धरून बाहेर बघितलं, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. सकाळीही तिथेच.

कोर्टात तेच साहेब. समोर दाजीची बायको, माझी जाऊ रंभा. सरकारी वकिलाने मला विचारलं, काय पाहिलंत?

‘साहेब, माझी पाठ होती. मला काही दिसलं नाय.’

साहेब माझ्याकडे बघत राहिले. काल त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं. मग मान खाली घालून टाइपिस्टला म्हणाले, ‘लिहा. साक्षीदाराने काही पाहिलेलं नाही.’ रंभा तिथेच बसलेली.