यादीतला पाचवा

बसा इकडं. दोघी बहिणींची गोष्ट सांगतो. मध्येच उठलात तर पस्तावाल, आधीच सांगून ठेवतो.

धाकटीनं खुर्चीतून उडीच मारली.

“ताई, पाच आहेत!”

“चार,” थोरली म्हणाली. मान वर नाही केली.

इस्पितळाचा कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर थोरलीनं वीस वर्षं सांभाळलेला. त्याच्या पोटात चार डेटाबेस, म्हणजे माहितीचे चार साठे, असं तिची वही सांगते. संध्याकाळी सहाला साहेब ते चार नव्या मशीनवर नेणार, बाकी सगळं पुसणार. धाकटी नुकती कामाला लागलेली. तिनं एक प्रोग्राम सोडला होता. तो मशीनभर हिंडून काय काय चालू आहे ते हुडकायचा, आणि कालची यादी आजच्या यादीशी ताडायचा.

थोरली यादीतलं पाचवं नाव बघून हसली. “हा होय! नवीन लोकांच्या सरावाला केलेला. दहा वर्षं झाली, मेलाय तो. जाऊ दे.”

“मेलेल्याची भूक वाढते का गं?”

धाकटीनं बोट ठेवलं. कालच्यापेक्षा आज त्याची जागा दुप्पट. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी वाढवलेली.

“कोण हा शहाणा?”

धाकटीनं पडदा हळूच तिच्याकडं वळवला. खाली थोरलीचंच नाव.

थोरलीचा चष्मा नाकावरून हातात आला. सकाळी फोन आला होता, मशीन अडतंय म्हणून. हिनं सवयीनं जागा देऊन टाकली, कुठल्याला ते कोण बघतंय?

“फोन कुणाचा होता, ताई?”

“रक्तपेढीचा.” आणि ती उठलीच. “अगं, सराव त्यांना मीच शिकवला! आता खऱ्यावर या, हे सांगायचंच राहिलं. दहा वर्षांचे रक्त देणारे त्याच्यात आहेत!”

सहाला बारा मिनिटं. साहेबांचा फोन लागेना. दोघी जिन्यानं सुटल्या, तीन मजले. धाकटीची एक चप्पल वाटेतच राहिली.

“साहेब, थांबा!” थोरली दारातूनच ओरडली. “चार नाहीत, पाच!”

बटण दाबायला निघालेला साहेबांचा हात वरच्यावर राहिला.

मग झाल्या प्रकाराचा कागद भरायचा आला. ‘कुणाला सापडलं’ तिथं थोरलीनं धाकटीचं नाव घातलं. ‘चूक कुणाची’ ही ओळ धाकटीनं मुद्दाम कोरी सोडलेली. थोरलीनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

ती बघा, थोरलीच येतेय. जरा सरकून बसा, आणि पुढचं तिलाच विचारा. ती ओळ ती माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगते.