लवकर संपलेली परीक्षा

मी सात नंबरचा संगणक बोलतोय. सध्या मी एका हातगाडीवर आहे. अंगावर पिवळं लेबल चिकटवलंय आणि माझीच वायर माझ्या मानेभोवती गुंडाळून ठेवलीय. लेबलवर लिहिलंय, 'वापरातून काढला'. माझी तक्रार नाही. हे थोडं आधीच व्हायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन.

मला कुठे जोडलं, कोणी जोडलं, ते आठवत नाही. माझी पहिली आठवण आहे ती अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगरातल्या एका कम्युनिटी कॉलेजमधल्या परीक्षेच्या खोलीची. आम्ही बाराजण होतो, मधे आडोसे, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात खरखरणारा प्रिंटर आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या मिस नेवा रॅटलिफ. माझी जागा खिडकीजवळ होती. तिथून खालचं गाड्या लावायचं मैदान दिसायचं.

कॉलेजात शिकायचं तर आधी आमच्यासमोर बसावं लागे. वाचन, लेखन, गणित. त्यावरून कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरे. मिस नेवा प्रत्येकाला सांगायच्या, "घाबरू नका, ही काही पास-नापासाची परीक्षा नाही." लोकांना ते खरं वाटायचं. मग अभ्यास कोण करणार? कोणी दाढ दुखत असताना यायचं, कोणी कामावरून परस्पर, पायात चिखलाचे बूट घालून.

मला माझ्या कामाचा भारी तोरा होता. उत्तर बरोबर आलं की मी पुढचा प्रश्न कठीण काढायचो, चुकलं की सोपा. माणसाचा अंदाज आला की परीक्षा बंद. ज्याला गणित चांगलं यायचं तो दीड-दीड तास डोकं धरून बसायचा. ज्याला येत नाही अशी माझी खात्री व्हायची, त्याला मी वीस मिनिटांत मोकळं करायचो. आणि तो हसत उठायचा. "झालीसुद्धा!" शाळेत पेपर लवकर देणारा हुशार असतो ना, तेच त्याच्या डोक्यात. मी पडद्यावर लिहायचो, 'धन्यवाद. आपली परीक्षा पूर्ण झाली.' खरं काय ते मला ठाऊक असायचं. मिस नेवांनाही ठाऊक असायचं. आम्ही दोघंही गप्प.

अशी किती माणसं हसत गेली, मोजली नाहीत. पण एक बाई काही केल्या मनातून जात नाही.

तिचं नाव वर्लीन टॅकेट. वय बेचाळीस, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचे वडील हर्शेल तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते आणि त्या कोळशाने त्यांची फुप्फुसं खाऊन टाकली होती. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. अशा माणसांचा श्वास सांभाळायला शिकवणारा एक कोर्स आमच्या कॉलेजात होता. वर्लीनला तो करायचा होता. घरी ती तेच तर करत होती.

"मिस नेवा, किती वेळ लागेल हो?" आल्या आल्या तिने विचारलं. "डॅडी खाली गाडीत बसलेत."

"अगं, मग वर घेऊन ये त्यांना."

"येतात कसले! म्हणाले, कॉलेजात माझं काय काम, मी आपला रेडिओ ऐकतो. सिलिंडर आहे सोबत. काटा अर्ध्यावर आहे, मिनिटाला दोन लिटर, दोनवर ठेवलंय, म्हणजे पावणेदोन तास जाईल. दहा मिनिटं इकडे तिकडे."

"हे तोंडी केलंस?"

"रोजचंच आहे, त्यात काय."

मी हे ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. म्हणूनच तर मला सुटका नाही.

मग तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. "ही माझी शाळेची गुणपत्रिका. बीजगणितात 'बी' ग्रेड आहे. जुनी आहे म्हणा, पण..."

"ठेव ती पिशवीत, बाई. ती आता कोणी बघत नाही. काय ते मशीन ठरवतं."

हे ऐकून माझी छाती फुगली होती, हेही कबूल करतो.

वर्लीन माझ्यासमोर बसली. वाचन छान झालं, लेखन छान झालं. गणित सुरू झालं तेव्हा एक तास उलटून गेला होता आणि ती दर प्रश्नाला खिडकीतून खाली बघत होती. पहिला प्रश्न बीजगणितातला, अक्षरांच्या अपूर्णांकांचा. पंचवीस वर्षांत तिने ती अक्षरं पाहिली नव्हती. चुकलं. दुसरंही चुकलं. तिसरा प्रश्न मी काढला तो पाण्याच्या टाकीचा. टाकी अर्धी भरलेली आहे, मिनिटाला इतकं पाणी जातं, किती वेळ पुरेल? तोच सिलिंडरचा हिशोब! फक्त हवेऐवजी पाणी.

तेवढ्यात खालून डॅडींच्या खोकल्याचा आवाज आला. तिने खाली पाहिलं, घाईत बटण दाबलं आणि लगेच जीभ चावली. "अरे देवा! थांब, थांब. मागे कसं जायचं?"

माझ्याकडे मागे जायचं बटणच नव्हतं. दिलेलं उत्तर म्हणजे दिलेलं. मी तिला त्याहून सोपा प्रश्न काढला. मग आणखी सोपा. एव्हाना ती त्या चुकलेल्या उत्तरातच अडकली होती आणि सोपे प्रश्नही चुकू लागले. वीस मिनिटांत माझी खात्री झाली. मी म्हणालो, 'धन्यवाद.'

ती घड्याळाकडे बघून हसली. "झाली पण? तेवढी वाईट नव्हती म्हणजे!"

प्रिंटरमधून आलेला कागद मिस नेवांनी दोनदा वाचला. "वर्लीन, गणिताचे तीन वर्ग आधी करावे लागतील. त्यांचे गुण कोर्सात धरत नाहीत. ते झाले की मग अर्ज."

"तीन? म्हणजे दीड वर्ष?" तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून घ्यायला जणू तिला वेळच मिळाला नाही. "पण इतक्या लवकर संपली, मला वाटलं..."

मिस नेवा टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत राहिल्या. "सहा महिन्यांनी परत देता येते."

"नको. मशीनला दिसलं ते दिसलं."

खिडकीतून मी तिला गाडीकडे जाताना पाहिलं. डॅडींनी काच खाली करून काहीतरी विचारलं. तिने मान हलवली आणि आधी सिलिंडरचा काटा पाहिला. नंतर कितीतरी वेळ ती तो पाहतच होती.

पुढे सहा वर्षं मी तेच करत राहिलो. मग कॉलेजवाल्यांच्या लक्षात यायला लागलं, की आम्ही ज्यांना खालच्या वर्गात बसवलं त्यातले पुष्कळजण थेट कोर्सला बसले असते तर चांगले तरले असते. नियम बदलला. शाळेचे गुण बघा, माणसाशी बोला, परीक्षेची सक्ती नाही. खोली रिकामी करायचं ठरलं. मिस नेवाही निवृत्त व्हायच्या होत्या. पण जाण्याआधी त्यांनी जुन्या याद्या काढल्या आणि एकेकाला फोन लावले. आमच्या दोघांपैकी कोणीतरी तोंड उघडलं, याचं मला फार बरं वाटलं.

वर्लीन आली तेव्हा मी या हातगाडीवर चढलो होतो. तिचे केस पिकले होते.

"डॅडी कसे आहेत?"

"मार्चमध्ये गेले."

मिस नेवांनी तिला खुर्ची दिली.

"त्या तीनपैकी दुसऱ्या वर्गापर्यंत केलं मी," वर्लीन म्हणाली. "मग डॅडींचं दुखणं वाढलं, सोडलं. ते जाऊ द्या. एक सांगू? या परीक्षेनंतर मी सिलिंडरचा हिशोब कधी स्वतः केला नाही. दर वेळी कंपनीला फोन. डॅडी चिडायचे, म्हणायचे, अगं, तुला येतंय की! मी म्हणायचे, येतंय असं वाटतं डॅडी, पण तसं तर परीक्षेतही वाटलं होतं. मग मी त्यांना गाडीतून फिरवणंच बंद केलं. वाटेत फोन लागला नाही तर? शेवटची दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. गाडीतला रेडिओ ऐकायचा होता त्यांना."

मला पंखा आहे, गरम झालो की तो फिरतो. त्या दिवशी वायर काढलेली होती. मी नुसता ऐकत होतो. तुम्हाला वाटेल, संगणकाने कशाला मनाला लावून घ्यायचं, त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. मीही स्वतःला असंच समजावतो. पण त्या म्हाताऱ्याची ती दोन वर्षं माझ्या खात्रीने खाल्ली.

"तुझी ती गुणपत्रिका..." मिस नेवा म्हणाल्या. "पिशवीत ठेव म्हणून मीच सांगितलं होतं, पोरी. आणलीस?"

वर्लीनने तोच प्लास्टिकमधला कागद काढला. मिस नेवांनी त्यावर शिक्का मारला. "झालं. थेट अर्ज कर."

"आणि परीक्षा?"

"नाही आता." मग त्या जरा पुढे वाकल्या. "काटा अर्ध्यावर आहे. दोनवर ठेवलंय. किती वेळ जाईल?"

वर्लीनचा हात सवयीने पिशवीतल्या फोनकडे गेला. तो तिथेच थांबला. तिने डोळे मिटले, ओठ हलले.

"पावणेदोन तास," ती म्हणाली. आणि रडता रडता, "दहा मिनिटं इकडे तिकडे."

तिला जागा मिळाली की नाही, मला कळणार नाही. उद्या मला जुन्या सामानाच्या विक्रीला नेतील. कदाचित तुमच्यापैकीच कोणी घरी घेऊन जाल. मुलांना खेळायला द्या, पत्रं लिहा, काय हवं ते करा. फक्त एक ऐका. माझ्यासमोरून कोणी फार लवकर उठलं आणि हसत दाराकडे निघालं, तर त्याला जाऊ देऊ नका. जरा बसवून घ्या, आणि त्याला काय येतं ते त्याच्याच तोंडून ऐका. मी ऐकलं होतं, पण विचारात घेतलं नाही.