पाठमोरा

सुट्टीच्या दिवशीही ज्याला संग्रहालयातच जावं लागतं, त्या पहारेकऱ्यासारखा कमनशिबी माणूस शोधून सापडायचा नाही. छोटू बावीस वर्षं त्या संग्रहालयात उभा होता. पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, बरोबरीचे लोक त्याला 'खांब' म्हणायला लागले. पण थोरल्या बहिणीच्या, ताईच्या लेखी तो छोटूच. आणि ताई आज राजधानी बघायला आली होती, उद्या सकाळच्या गाडीनं परत जाणार होती.

ताईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आई गेल्यावर छोटूला वाढवलं, तेही मशीनचं पायडल मारता मारताच. आता तिच्या नजरेचा नेमका मधला भाग पुसट होत चालला होता. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, काय बघायचं ते या वर्षात बघून घ्या. ताईनं एकच हट्ट धरला, छोटूचं चित्र बघायचं.

छोटूचं चित्र म्हणजे त्यानं राखलेलं. त्या एका चित्रासाठी कुठून कुठून लोक येऊन रांगा लावत. ताई फोनवर विचारायची, "कसं आहे रे ते?" आणि हा दर वेळी म्हणायचा, "अगं, मला ते पाठ आहे. तू ये तर खरी, समोर बसवून सांगतो." बोलायला काय जातं!

आली ती. पण छोटूनं चित्र ठेवलं सगळ्यात शेवटी. एवढ्या लांब आलीस तर राजवाडा बघ, मनोरा बघ, बाग बघ, असा त्यानं धोशाच लावला. राजवाड्याला दीड तास रांग. मनोऱ्याची लिफ्ट बंद, म्हणून अर्ध्यापर्यंत जिना. बागेतली कारंजी दुरुस्तीला काढलेली. दोघांच्याही पायांचे तुकडे पडले. "दिसतंय ना ताई?" असं तो प्रत्येक ठिकाणी विचारायचा आणि ती "हो रे, छान आहे," म्हणायची. मनोऱ्यावरून म्हणे सगळं शहर दिसतं. छोटूला दिसला तो कठड्याला च्युइंगम चिकटवणारा एक हात.

संग्रहालयात पोचले तेव्हा बंद व्हायला अर्धाच तास उरला होता. दालन जवळपास रिकामं झालं होतं. ड्युटीवरचा जोडीदार म्हणाला, "काय खांबा, घरी पलंग नाही का तुला?" छोटूनं ताईला चित्रासमोरच्या बाकावर बसवलं. तिनं मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे केली. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"मध्ये नुसता धुरकट डाग आहे रे," ती शेवटी म्हणाली. "जाऊ दे. तुला पाठ आहे ना? तूच सांग."

छोटूनं तोंड उघडलं. दोरी चित्रापासून किती अंतरावर आहे, हे त्याला माहीत होतं. कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आहे, फरशी कुठे तडकलीय, सगळं माहीत होतं.

"एक बाई आहे," तो म्हणाला.

"ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. पुढे?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण ताईसमोर त्याची थाप कधीच टिकली नव्हती.

"ताई, मला ते पाठ नाही गं. माझी पाठ असते त्याच्याकडे. चित्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि लोकांच्या हातांवर नजर ठेवायची, असाच नियम आहे आमच्यात."

"अरे, पण येता-जाता तरी?"

"येता-जाता घड्याळ बघतो."

ताईला आधी हसू आलं. मग ते ओसरलं. "मला वाटायचं, मी इथे काजं करत डोळे फोडतेय, पण आपला छोटू तिकडे दिवसभर काहीतरी सुंदर बघतोय. त्याच्यावर मी दिवस काढले रे." ती पुढे म्हणाली, "आणि खरं सांगू? मनोरासुद्धा नाही दिसला मला. राजवाडा तर भिंतीसारखा वाटला."

"मग छान, छान काय म्हणत होतीस?"

"तू इतका दमून दाखवत होतास ना!"

छोटूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर तिला फरपटवलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदाही धड बघितलं नव्हतं.

"आता बघ," ताई म्हणाली. "नीट बघ आणि सांग. आहे ना वेळ अजून?"

तो दोरीशी जाऊन उभा राहिला. सवयीनं खांदे वळायला बघत होते. त्यानं ते धरून ठेवले.

"हिरवा झगा आहे. गळा चौकोनी. बाह्या लांब."

"खांद्याला चुण्या?"

"आहेत."

"किती?"

त्यानं मोजल्या. "उजव्या खांद्याला नऊ. डावा अंधारात आहे."

"नऊ!" ताई सरसावून बसली. "जीव ओतलाय शिवणारीनं. आणि हातात काय आहे? विणतेय का काही?"

"नाही."

"निवडतेय?"

"नाही गं. हात मांडीवर आहेत. नुसती बसलीय."

ताईनं पुन्हा चित्राच्या दिशेनं मान कलती केली.

"बाई गं," ती म्हणाली. "नुसती बसलीय, आणि तिला बघायला एवढी दुनिया येते!"

छोटूला एकदम भरून आलं. तो येऊन तिच्या शेजारी बसला. ताईनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पाठ बाकाला टेकली.

"बसू दे जरा," ती म्हणाली.

बंद व्हायची घंटा झाली. जोडीदारानं दुरून खूण केली, मग दुसऱ्यांदा केली. छोटूनं त्याला हातानंच थांबवलं आणि ताईकडे बघत बसला.