रक्तातलं दूध

हौसराव देवऋषीनं संपतच्या दंडाला चिरा देऊन तुंबडी लावली, ग्लासात रक्त घेतलं, वर फडकं टाकलं आणि तासभर घुमत बसला. फडकं उचललं तर गोठल्या रक्तावर दुधासारखं पांढरं साचलेलं. न्हावरे गावातली निम्मी वस्ती अंगणात होती. बायांनी पदर तोंडाला लावले.

"ह्यांच्या पणज्यानं गाभण मेंढी कापली. तिचा पान्हा रक्तात उतरलाय," हौसराव म्हणाला. पणज्याच्या मेंढ्या ह्याला कशा ठाऊक, हे कुणी विचारलं नाही.

संपतच्या आईला, गिताबाईला, ते पांढरं नवं नव्हतं. नवऱ्याच्या, भैरूच्या रक्तातही तेच निघालं होतं. तेव्हा हौसरावानं अंगारा दिला, तेल-तूप-दूध-मटण बंद केलं. आठवड्यानं रक्त नितळ आलं. शाप उतरला म्हणून मेंढा कापला, भैरू पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळतच गेला. "शाप जबर होता," असं सांगून हौसराव मोकळा झाला. तेव्हापासून कुठंही रस्स्याचा वास आला की तिला भैरूचा आवाज ऐकू यायचा, "गिते, आजून एक वाटी." वाढणारी तीच होती.

आता लेकालाही तोच अंगारा, तेच पथ्य, आठवड्यानं तसाच मेंढा. संपतला घेऊन तिनं शिरूरची एसटी धरली.

तिचं सगळं ऐकून डॉक्टर राजश्रीबाईंनी संपतच्या रक्ताची नळी उजेडात धरली. "मावशी, ही चरबी आहे. दूध चरबीच्या थेंबांनी पांढरं दिसतं, तसंच हे. चरबीचे हे मोठे कण फोडायची ताकद काही घराण्यांत जन्मतःच कमी असते. आईबापांकडून लेकरांत येतं ते. चरबी खाणं थांबलं की रक्त निवळतं. मग एकदम जड जेवलं की स्वादुपिंड सुजतं, त्यात माणूस जातो."

"म्हंजी उतारा पथ्याचा व्हता, अंगाऱ्याचा न्हाई?"

"हो. आणि दुसरी गोष्ट. ही चरबी वाढली की कोलेस्टेरॉलचे कण बारीक, घट्ट होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण नसांच्या भिंतीत शिरतात. म्हणून गोळीही चालू ठेवायची."

"त्यांना मीच वाढलं ओ," गिताबाई म्हणाली आणि तिथंच स्टुलावर रडली.

आठवड्यानं अंगण पुन्हा भरलं, कोपऱ्यात मेंढा बांधलेला. रक्त नितळ निघालं. "उतरला," हौसराव गरजला, "पेटवा चूल."

गिताबाईनं ओच्यातून अंगाऱ्याच्या पुड्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या. "मामा, एकबी फोडली न्हाई. पथ्य केलं आन् डॉक्टरची गोळी दिली. मग शाप कुणी उतरवला?"

हौसरावानं पुड्या बाजूला सारल्या. "मेंढा चुकवला तर पोरगं जाईल, बाई."

"मेंढा दिला तवाच ह्याचा बाप गेला."

संपतनं उठून मेंढ्याचं दावं सोडलं. हौसराव पुड्या गोळा करून निघाला तेव्हा त्याला थांबवायला कुणी पुढं आलं नाही.

लोकहो, रक्त पांढरं निघालं तर अंगण भरवू नका, दवाखाना गाठा. नितळ दिसलं म्हणूनही गाफील राहू नका, आणि घरात एकाला असेल तर सगळ्यांचं तपासा. गिताबाईनं तेच केलं; दुसऱ्याच दिवशी संपतच्या पोराला, नातू रुद्रला, घेऊन ती शिरूरला गेली.

शाप खोटा निघाला, पण आवाज अजून येतो. वास आला की भैरू वाटी मागतो. गिताबाई आता उत्तर देते, "न्हाई. आज न्हाई वाढणार."